वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ?

परभणीत एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो आणि पोरं पोहायला पळतात. पूर्वी पाठीला डबा बांधून विहिरीत, आता निळ्या टाइल्सच्या तलावात. येताना लाल डोळे आणि खोकला घेऊन येतात. आमच्या भाचरांचंही तेच. मोठ्यांचं उत्तर ठरलेलं, "अरे, क्लोरीनचा वास येतोय ना, म्हणजे पाणी चांगलं!"

मंडळी, हे साफ चूक आहे. आणि तलाववालेही हेच ऐकवून आपल्याला गप्प करतात, म्हणून चिडून लिहितोय.

तो झोंबणारा वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि (हो, सगळ्यांना ठाऊक आहे) पाण्यात केलेली लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही, वायू होऊन पाण्याच्या वर साचतं. नेमकं तिथेच पोहणारा तोंड उघडून श्वास घेतो! डोळे चुरचुरणं, खोकला, दमा असलेल्या मुलाला लागलेली धाप, ही त्याचीच कामं. बंदिस्त तलावात तर ते कोंडूनच राहतं. थोडक्यात, वास उग्र म्हणजे पाणी मळलेलं.

क्लोरीन नकोच असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय जुलाब आणि कावीळ आहेच. उन्हात उघड्या तलावातलं क्लोरीन काही तासांत उडतं, हेही खरं. पण म्हणूनच ते मोजून टाकायला हवं ना? लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम, सामू ७.२ ते ७.८. इथे मात्र अंदाजपंचे पावडर! एका तलावावर नोंदवही मागितली तर उलट प्रश्न आला, "तुम्ही काय इन्स्पेक्टर आहात का?"

अहो, खेड्यात टाकीत टी.सी.एल. टाकल्यावर नळाच्या पाण्याची ओ.टी. टेस्ट करतात. तलावाला तेवढी पुरत नाही. मोकळं आणि संयुक्त क्लोरीन वेगळं दाखवणारी डीपीडी चाचणी लागते, पण तीही काही रॉकेट सायन्स नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडला कासारवाडीच्या महापालिका तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली, लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याची बातमी झाली. रोजच्या खोकल्याची होत नाही.

तेव्हा तिकीट काढण्याआधी दोनच गोष्टी विचारा. आजचे आकडे फळ्यावर लिहिलेत का? आणि अंघोळ केल्याशिवाय पाण्यात सोडता का? दुसऱ्या प्रश्नाला आपल्याच पोरांची कुरकुर होईल, ती ऐकून घ्या.