यंत्राचे बोट

पूर्वी अर्ज म्हटला की कागद, शाई आणि खिडकीपुढची रांग. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, सातबाराही संगणकावर निघतो. खिडकीच्या जागी आता बटण आले आहे. ते बटण खरोखर दाबले जाते की नाही, हे पाहायचे कसे?

संकेतस्थळांची अशी तपासणी आता पुष्कळदा यंत्रच करते. २००४ साली शिकागो येथे जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ हे साधन तयार केले. ते माणसाऐवजी रकाने भरते, बटणे दाबते. यामागच्या ‘वेबड्रायव्हर’ पद्धतीला २०१८ साली जागतिक प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

पण यंत्राला बटण सापडावे कसे? त्याला पत्ता द्यावा लागतो. आपल्याकडे खेड्यात पाहुण्याला घर दोन तऱ्हांनी सांगतात. ‘पारापासून तिसरे घर’ ही एक तऱ्हा. ‘सुताराचे घर विचारा’ ही दुसरी. मध्ये नवे घर उठले की पहिला पत्ता चुकतो, दुसरा चुकत नाही. ‘तिसऱ्या चौकटीतले दुसरे बटण’ हा पत्ताही पानाची मांडणी बदलताच निकामी होतो. ‘अर्ज सादर करा’ या नावाने शोधलेले बटण मात्र जागा बदलली तरी सापडते. शिवाय अंध विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीएसारखे साधनही तेच नाव उच्चारते. बटणाला नावच दिलेले नसेल, तर त्याला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. नावाने शोधणाऱ्या तपासणीत ही उणीवही उघडी पडते.

खरी गोम पुढेच आहे. कधी बटणावर एखादी सूचनेची पाटी येऊन बसते. सेलेनियम तेव्हा प्रामाणिकपणे सांगते की, दाब दुसऱ्याच वस्तूवर पडत आहे. यावर काही तपासनीस पळवाट काढतात. जावास्क्रिप्टच्या आज्ञेने ते पानाच्या आतूनच बटण दाबवितात. पाटी तशीच राहते. तपासणी मात्र उत्तीर्ण! पण आपल्या बोटाला अशी पळवाट कोठे आहे? शेवटच्या तारखेला पालम किंवा सोनपेठकडची एखादी मुलगी मोबाइलवर अर्ज भरत बसली आणि बटण पाटीखालीच राहिले, तर तिच्या वर्षाच्या फीचे काय?

कुणी म्हणेल, पाटी क्षणभराचीच असते, दोष तपासणीचाच असतो. असेलही. मग पाटी जाईपर्यंत यंत्राला थांबण्यास सांगावे. तशी सोय त्यात आहेच. थांबूनही ती हटली नाही, तर ती माणसाच्याही वाटेत आहे असे समजावे आणि पान दुरुस्त करावे.

माझ्या मते जनतेच्या कामाच्या प्रत्येक संकेतस्थळाला हा नियम लावावा : बटण नावाने शोधावे आणि माणूस दाबतो तसेच दाबावे. विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कुणी उद्या हे काम पत्करले, तर त्याने यंत्राच्या बोटाला आपल्या बोटापेक्षा जास्त सवलत देऊ नये.