विंटेज कोणाला म्हणावे?

‘विंटेज’ हा शब्द आपल्या कॉलेजात हल्ली फार स्वस्त झाला आहे. जुन्या घाटाची कोणतीही बुलेट फाटकात शिरली, की चार मित्र भोवती जमतात आणि हा शब्द हमखास कानी पडतो. आमच्या घरची बुलेट १९७३ सालची. सुप्यात दूध घालून तिच्यावरूनच मी रोज पारनेरला येतो. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी समजतो.

बुलेट मूळची इंग्लंडातली, रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कारखान्याची. आपल्या लष्कराने ती गस्तीसाठी पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. पुढे सुटे भागही तिथेच होऊ लागले. विलायतेतला कारखाना बंद पडला, पण गाडीचे वळण इंग्रजीच राहिले. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. नव्या गाडीची सवय असलेला मनुष्य हिच्यावर बसला, की ब्रेक समजून गिअरच दाबतो! किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन जागेवर घ्यायचा आणि मग एकच किक. घाई केली तर ती नडगीवर उलटते.

गाडी मूळ रूपात मात्र मुळीच नाही. आजोबांनी मागे दुधाचे दोन कॅन बसतील असा लोखंडी कॅरिअर करून घेतला. सहा व्होल्टचा दिवा काजव्यासारखा, म्हणून वडिलांनी बारा व्होल्टचे वायरिंग केले. नगर-पुणे रस्त्यावर एमआयडीसीचे कंटेनर वाढले, तेव्हा मी इंडिकेटर लावले. ज्याला जे नडले ते त्याने बदलले.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, इंजिन व सांगाडा न बदललेली गाडी ती विंटेज. नोंदणीला वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण ती नित्याच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही! प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे आमच्या कॅरिअरकडे कोणी काणाडोळा केला, तरी रोज दूध घातले की गाडी बाद. मान हवा असेल तर काम सोडा, असाच याचा अर्थ. तिला सामान्य नोंदणीतच राहायचे, तर ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारसायकलच्या नूतनीकरणाला दोन हजार रुपये पडतात. जुन्या इंजिनाचा धूर अधिक, हे मी नाकारत नाही. धूर तपासा, ब्रेक तपासा, हवे तेवढे कडक तपासा. पण नुसते वय पाहून पैसे घेणे मला पटत नाही. नवी गाडी परवडत नाही तोच जुनी दुरुस्त करीत बसतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. दुधाची वेळ आणि बसची वेळ जुळत नाही. ही गाडी नसती तर पहिल्या तासाची हजेरी मला कधीच लागली नसती.

आता थोडे मित्रांविषयी. (ते रागावतील, रागावोत.) नव्या कोऱ्या बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावायचा आणि त्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणायचे, हा कुठला शौक? कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. कान फाडणाऱ्या या मंडळींमुळे दुधाचा कॅरिअरसुद्धा संशयाने पाहिला जातो. ग्रंथालयात बसलेल्यांचे हाल तर विचारूच नका.

परवा पुण्याच्या एका गृहस्थांनी आमची गाडी मागितली. कॅरिअर काढून, मूळ रंग देऊन दिवाणखान्यात ठेवणार म्हणाले. वडिलांनी किंमतही विचारली नाही. डेअरी बंद व्हायची वेळ झाली होती.