नातवंडाचे लसीकरण कार्ड एकदा उघडून पाहा

आई-वडील दोघेही कामावर जात असतील, तर लसीकरणाच्या दिवशी बाळाला केंद्रावर घेऊन येतात ते बहुधा आजी-आजोबाच. ‘एम.आर. आणि एम.एम.आर. यांत फरक काय?’, ‘एकदा टोचली, मग पुन्हा कशाला?’ हे प्रश्नही आम्हा डॉक्टरांना तेच विचारतात. म्हणून आजचा लेख खास त्यांच्यासाठी.

तीन रोग, एक सुई

गोवर, रुबेला आणि गालगुंड हे तिन्ही रोग विषाणूंमुळे होतात आणि खोकल्या-शिंकांतून पसरतात. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या एम.आर. लशीत गोवर आणि रुबेला यांचे क्षीण केलेले विषाणू असतात. खासगी बालरोगतज्ज्ञ देतात त्या एम.एम.आर. लशीत गालगुंडाची भर असते. दोन्ही लशी आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतात.

‘एवढ्याशा जिवाच्या अंगात एकदम तीन रोग सोडायचे?’ ही आजीची शंका मायेपोटी आलेली असते. परंतु रांगणारे मूल दिवसभरात असंख्य जंतूंना तोंड देत असते. त्या मानाने तीन दुबळे विषाणू म्हणजे फारच हलके ओझे. शरीर तिघांचीही स्वतंत्र ओळख ठेवते, बाळाच्या वेदना कमी होतात आणि केंद्राच्या खेपाही वाचतात.

गोवर साधा नव्हे

आपल्या पिढीतील बहुतेकांना बालपणी गोवर येऊन गेला. आपण वाचलो, म्हणून तो साधा वाटतो. जी भावंडे वाचली नाहीत, त्यांची आठवण मात्र घरात क्वचितच निघते. गोवरात न्यूमोनिया, अतिसार, मेंदूला सूज असे उपद्रव होऊ शकतात. शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्व घटून दृष्टी जाण्याचा धोका असतो. शिवाय पूर्वीच्या आजारांतून शरीराने कमावलेली प्रतिकाराची स्मृतीही हा विषाणू पुसून टाकतो. त्यामुळे गोवर बरा झाल्यावरही मूल दीर्घकाळ इतर आजारांना बळी पडते.

रुबेलाची गोष्ट निराळी. मुलाला थोडा ताप आणि फिकट पुरळ, एवढेच. परंतु हीच लागण गर्भवतीला पहिल्या तीन महिन्यांत झाली, तर जन्माला येणारे बाळ बहिरे असू शकते. त्याला मोतीबिंदू किंवा हृदयदोष असू शकतो. नातवाला दिलेली लस अशा रीतीने घरातील गर्भवती सुनेच्या पोटातील जिवालाही जपते. गर्भवतीने स्वतः ही लस घ्यायची नसते. घरातील मुलांना मात्र ती निर्धास्तपणे द्यावी.

दुसरा डोस कशासाठी?

आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये सुरुवातीचे काही महिने बाळाचे रक्षण करतात. पण तीच लशीच्या कामात आडवीही येतात. म्हणून पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या वयात शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांत गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते. उरलेली १५ कोणती, हे बाळाकडे पाहून सांगता येत नाही. त्यांच्यासाठीच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. एम.एम.आर. देत असल्यास डोसांचे वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. त्याला रोखायचे, तर वस्तीतील ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. करोनाच्या काळात ही साखळी तुटली. २०२२च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, बालके दगावली. दगावलेल्यांत लस न मिळालेल्या किंवा अर्धवट मिळालेल्या बालकांचाच भरणा होता.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात हा धोका विशेष जाणवतो. पहिला डोस गावी झालेला असतो. दुसऱ्याची वेळ येते तेव्हा मूल आई-बापांबरोबर फडावरच्या कोपीत असते. आपल्या शिवारात टोळी उतरली असेल, तर आशाताईंना तेवढे कळवा. कार्ड कोणत्याही गावचे असो, सरकारी केंद्रात डोस मोफत मिळतो.

काही शंका, काही पथ्ये

साध्या सर्दी-पडशासाठी लस पुढे ढकलू नये. ठरलेली वेळ टळली, तरी सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस घेता येतो. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ही लस पुडीच्या रूपात असते. द्रावणात मिसळल्यावर ती चार तासांत वापरावी लागते. म्हणून सत्राच्या दिवशी वेळेवर जावे आणि टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

लस दिल्यावर एक-दोन आठवड्यांत थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते. ते आपोआप ओसरते. ताप तीव्र असेल किंवा झटका आला, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

या लशीने स्वमग्नता येते, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांचे मूळ अवघ्या १२ मुलांवरील १९९८च्या एका ब्रिटिश लेखात आहे. तो लेख नियतकालिकानेच २०१०मध्ये मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. असा कोणताही संबंध आढळला नाही.

मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि त्यानंतर चेहऱ्यापासून खाली पसरणारे पुरळ दिसले, तर ‘गोवर बाहेर पडू दे’ म्हणून वाट पाहू नका. आरोग्य केंद्राला कळवा. तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस मिळतात. खाणे-पिणे आणि अंगावरचे दूध चालू ठेवा. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवा. कर्करोगावरील औषधोपचार घेणाऱ्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडवर असणाऱ्या वडीलधाऱ्यांना सहसा ही जिवंत लस देत नाहीत. भोवतालच्या मुलांचे लसीकरण हेच त्यांचे कवच.

आपल्यापैकी अनेकांच्या दंडावर देवीच्या लशीची खूण अजून आहे. नातवंडांच्या दंडावर ती नाही, कारण देवीचा रोगच उरला नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा लस टोचून घेऊ दिली, त्याचे हे फळ. आता तो वडीलकीचा मान आपल्याकडे आला आहे. आजच कार्ड काढून गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसापुढील रकाना पाहा. तो रिकामा असेल, तर पुढच्या सत्राची तारीख विचारून घ्या.