‘वीज पडली’ हे निदान नव्हे

राष्ट्रीय विज्ञानवृत्तांत उच्चदाब वीजवाहिनीची बातमी आली की तिच्यात तीन आकडे हमखास असतात: किलोव्होल्ट, मेगावॅट आणि किलोमीटर. छत्तीसगढच्या रायगढहून (महाराष्ट्रातला रायगड नव्हे) तमिळनाडूतील पुगलूरला जाणारी वाहिनी घ्या. ±८०० किलोव्होल्ट, ६००० मेगावॅट, सुमारे १७६५ किलोमीटर. स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांना हे तोंडपाठ असते. बिघाडाच्या क्षणी तारेतला प्रवाह किती मायक्रोसेकंदांत किती चढतो आणि तो मोजतो कोण, हा प्रश्न बातमीला सहसा पडत नाही.

मग पावसाळ्यात एखादी वाहिनी बंद पडली की दोन शब्दांत निकाल लागतो: वीज पडली. माझा आक्षेप या दोन शब्दांना आहे.

वीज वाहिनीचा घात दोन निराळ्या रीतींनी करते. ती मनोऱ्यावर किंवा वरच्या संरक्षक तारेवर पडली, तर प्रवाह मनोऱ्यातून जमिनीत उतरतो. पायाचा भूरोध २० ओहम आणि प्रवाह ३० किलोअँपिअर धरला, तर ढोबळ हिशेबानेच मनोऱ्याचे विभव ६०० किलोव्होल्ट चढते आणि ठिणगी मनोऱ्याकडून तारेकडे उलटी झेप घेऊ शकते. दुसरी रीत अशी की संरक्षक तारेला चुकवून, बहुधा तुलनेने दुबळी वीज थेट मुख्य तारेवर पडते. पहिल्या रोगाचा उपाय जमिनीत आहे: भूरोध कमी करा. दुसऱ्याचा उपाय वर आहे: संरक्षक तारेचा कोन बदला किंवा तडितरोधक बसवा. १३२ वा २२० किलोव्होल्टच्या वाहिनीत पहिला प्रकार अधिक संभवतो; ८०० च्या वाहिनीत दुसरा, कारण तिच्या विद्युतरोधकांच्या लांब माळा उलट्या ठिणगीला सहसा दाद देत नाहीत. प्रवाहाचे शिखर, त्याची ध्रुवता आणि चढण मोजल्याशिवाय हा भेद निश्चित करणार कसा? न मोजता भूरोधावर खर्च करत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यावर ठरलेले उत्तर मिळते: रिलेच्या नोंदी आहेत की! आहेत, पण त्या ५० हर्ट्झच्या जगातल्या. सेकंदाला १००० नमुने घेणाऱ्या नोंदयंत्राच्या दोन नमुन्यांमध्ये १ मिलिसेकंद जातो. तेवढ्यात वाहिनीवरची लाट जवळपास ३०० किलोमीटर धावते. विजेचा प्रवाह तर काही मायक्रोसेकंदांतच शिखर गाठतो. लोहगाभ्याचे प्रवाह-रोहित्र त्याच्या नेमून दिलेल्या कामात उत्तम आहे, परंतु मोठ्या बिघाडात गाभा संपृक्त होऊ शकतो आणि अतिवेगवान चढण ते विश्वासाने दाखवत नाही.

त्यासाठी विलगित संवेदन हवे. रोगोव्स्की कुंडल, म्हणजे तारेभोवतीचे लोहगाभ्याविना वेटोळे, १९१२ पासून याच नावाशी जोडलेले आहे. प्रवाह किती वेगाने बदलतो हे ते सांगते. स्थिर एकदिश प्रवाह त्याला दिसत नाही, म्हणून एकदिश वाहिनीत त्याच्या जोडीला शंट देतात. दोन्ही तारेच्याच विभवावर बसतात, माहिती प्रकाशतंतूतून खाली येते आणि वरच्या इलेक्ट्रॉनिक मंडलाला ऊर्जाही लेसरच्या प्रकाशातून पुरवता येते. ही विलगता केवळ माणसाच्या सुरक्षिततेसाठी असते असे आपण शिकवतो, ते अपुरे आहे. विभव मायक्रोसेकंदाला १० लाख व्होल्ट या वेगाने बदलत असेल, तर अवघ्या १० पिकोफॅरडच्या अनाहूत धारितेतून १० अँपिअर प्रवाह मापनमंडलात घुसतो. तांब्याची तार खाली आणून केलेल्या मापनाने मग नक्की काय मोजले?

खर्चाची सबब मला पटत नाही. वाहिनी हजारो कोटींची असते, आणि प्रत्येक मनोऱ्यावर संवेदक लावा असे कुणी म्हणतही नाही. ज्या टापूत वाहिनी पुन्हा पुन्हा बंद पडते, तिथले मोजके मनोरे पुरेत.

खरी अडचण नोंदी दडून राहण्याची आहे. बिघाडांचे अहवाल निघतात; त्यांत तरंगाची मूळ नोंद आणि संवेदकाचा वारंवारता-पल्ला क्वचितच असतो. रायपूरचा विद्यार्थी पाठ्यपुस्तकातल्या गुळगुळीत तरंगावर शिकतो आणि खरा, खाचाखोचांचा तरंग काही तासांच्या अंतरावरल्या उपकेंद्रात कुलूपबंद पडून असतो. गोपनीयतेची चिंता असेल तर वाहिनीचे नाव आणि मनोऱ्याचा क्रमांक गाळा. प्रवाहाचा तरंग, वेळ, संवेदकाचा पल्ला आणि मनोऱ्याचा भूरोध, एवढे चार रकाने येत्या पावसाळ्यापासून खुले करा.