ड्रायर गरम होतो, पण कपडे वाळत नाहीत



गेल्या अंकात पावसाळ्यात धान्य कसं राखावं ते लिहिलं होतं. ते वाचून एका भगिनीने विचारलं, "धान्याचं झालं, कपड्यांचं काय करायचं?" विचारणाऱ्या भगिनीच्या घरी आजारी माणूस आहे, त्यामुळे प्रश्न साधा नाही. आमच्या घरातली गोष्टच सांगते. तिच्यात चूक माझी आहे, हे आधीच कबूल करते.

आम्ही नवापूरला राहतो. नंदुरबार शहरापेक्षा आमच्याकडे पाऊस जास्त. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. व्हरांड्यात दोरी, खोलीत पंख्याखाली दोरी, तरी परवाची सलवार आज ओलीच. एरवी हे चालून जातं. पण माझ्या सासूबाईंना, ज्यांना घरात सगळे बडी अम्मा म्हणतात, लकवा झाला आणि रोज चार-पाच चादरी धुवायला येऊ लागल्या. त्या पडल्या पडल्या इशाऱ्याने नमाज पढतात. प्रत्येक वेळी आधी विचारायच्या, "बेटा, चादर पाक आहे ना?" चादर मी स्वच्छ धुतलेली असायची. पण दमट कापडाला जो आंबट वास येतो, त्याने त्यांचा जीव शांत होत नसे. आणि ओल्या चादरीवर झोपून पाठीची कातडी सोलायला लागली, ते वेगळंच.

शेवटी सुरतेला राहणाऱ्या नातेवाइकांनी घर बदलताना त्यांचा जुना ड्रायर आम्हाला दिला. इथे एक गैरसमज दूर करते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबला आपण ड्रायर म्हणतो, पण तो कपडे फक्त पिळतो. हा ड्रायर वेगळा. तो खोलीतली हवा आत ओढतो, ती तापवतो, फिरणाऱ्या ड्रममधल्या कपड्यांतून नेतो आणि ओली झालेली हवा मागच्या पाइपातून भिंतीबाहेर टाकतो. मशीनमध्ये पिळलेल्या पाच किलो सुती कपड्यांत साधारण अडीच ते तीन लिटर पाणी उरलेलं असतं. ते सगळं वाफ होऊन त्या एका पाइपातून जायचं असतं.

पूर्वी मी नंदुरबारच्या शाळेत होते. सातवीच्या वर्गात विचारलं होतं, वाळायला काय लागतं? सगळे ओरडले, ऊन! एक मुलगी म्हणाली, वारा. तिची आई मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. लाल मिरची मैदानात पातळ पसरतात, वरखाली करतात. ढीग राहिला तर कितीही ऊन असो, आतली मिरची ओली राहते आणि काळी पडते, हे त्या मुलीने घरीच शिकलेलं होतं. तिला मी वर्गासमोर शाबासकी दिली आणि स्वतःच्या घरात तोच धडा विसरले.

ड्रायर बडी अम्मांच्या खोलीशेजारच्या कोठीत बसवला. मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं, पाइप बाहेर काढला. मी म्हटलं, "भाऊ, या भोकाला डासांची जाळी लावा." आपल्याकडे उघडं भोक दिसलं की जाळी सुचतेच. मिस्त्रीने लावली. मशीन खोलीत जास्त जागा अडवू नये म्हणून मागचा लवचिक, सुरकुत्यांचा पाइपही दाबून, वळवून बसवला.

पहिले तीन आठवडे आनंदात गेले. सव्वा तासात चादरी कोरड्या. बडी अम्मांनी प्रश्न विचारणं सोडलं. मग सव्वा तासाचे दीड झाले, दीडचे दोन. मी व्होल्टेजला दोष दिला, मशीन जुनं म्हणून सुरतवाल्यांनाही मनातल्या मनात दोष दिला आणि वेळ वाढवत गेले. विजेचं बिल आलं तेव्हा आमच्या यांनी ते न बोलता टेबलावर माझ्या वह्यांवर ठेवलं. कोठीच्या भिंतीला ओल येऊन बुरशीचे ठिपके दिसू लागले, तेही मी पावसाच्या खात्यावर टाकले.

एका रात्री इशाच्या नमाजनंतर चादरी टाकल्या आणि पेपर तपासत बसले. बडी अम्मा आतून म्हणाल्या, "काहीतरी जळतंय." मला वास नव्हता आला, त्यांना आला. धावत गेले तर मशीन आपोआप बंद पडलेलं, वरचा पत्रा हात ठेववेना. चादर हाताला चटका बसेल इतकी गरम, आणि तरी दमट! काठाला तपकिरी डाग. भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर, स्वतःहून कूस बदलू न शकणारं माणूस झोपलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी फ्रिज दुरुस्त करणारे भाई आले. त्यांनी मशीन उघडायच्या आधी मागचा पाइप काढून ठेवला. "टीचर, मशीन तापतंय म्हणजे हवा निघत नाहीये." आतला उष्णतेचा फ्यूज उडाला होता, तो बदलला आणि पाइपाशिवाय दोन मिनिटं मशीन चालवलं. मागून जोरात वारा आला. म्हणजे पंखा ठीक होता, दोष पुढे होता. ही परीक्षा तुम्हीही मेकॅनिकला करायला सांगा. नाहीतर पाइप तुंबलेला असतो आणि आपण मोटरीचे पैसे देतो.

मग ते शिडी लावून बाहेरून चढले आणि हसत खाली आले. डासांच्या जाळीवर राखाडी रंगाची जाड घोंगडी तयार झाली होती. प्रत्येक धुण्यात कपड्यांचे बारीक तंतू सुटतात. मशीनच्या गाळणीत बरेच अडकतात, पण सगळे नाही. उरलेले पाइपात जातात. बारीक जाळी त्यांना बाहेर पडू देत नाही आणि वाफेने ओले होऊन ते एकमेकांना चिकटतात. पाइपाच्या लोंबत्या वळणातही पाणी साचलं होतं, त्यात तंतूंचा लगदा. वारा अडला की आतली उष्णता वाढते, आणि कोरडे तंतू कापसासारखे पेटतात. मशीनने फ्यूज उडवून घेऊन आम्हाला वाचवलं, अल्हम्दुलिल्लाह.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. अमेरिकेत घरोघरी असे ड्रायर असतात. तिथल्या सरकारी अग्निशमन खात्याच्या अंदाजाप्रमाणे 2008 ते 2010 या काळात दरवर्षी सुमारे 2,900 घरांत ड्रायरमुळे आगी लागल्या, आणि त्यांचं सर्वात मोठं कारण होतं साफसफाई न करणं. लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये 19 ऑगस्ट 2016 ला 18 मजली इमारतीत आग लागली, ती एका फ्लॅटमधल्या सदोष ड्रायरमधून. तिथे दोष मशीनचाच होता, म्हणून कंपनीकडून काही सूचना आली तर ती कपाटात टाकू नका.

आमच्याकडे आता सुरकुत्यांचा पाइप नाही. चार इंची, आतून गुळगुळीत पत्र्याचा पाइप आहे, जमेल तितका आखूड, एकच वळण, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाणी साचत नाही. नळाचा प्लॅस्टिक पाइप स्वस्त पडतो म्हणून मिस्त्री सुचवतील, घेऊ नका, तो उष्णतेत टिकत नाही आणि पेट घेऊ शकतो. सांध्यांवर स्क्रू मारू दिले नाहीत, कारण आत आलेल्या टोकाला तंतू अडकतात. पत्र्याची चिकटपट्टी लावली. तोंडावर जाळीऐवजी हलकी झडप आहे. मशीन चालू झालं की ती वाऱ्याने उघडते, बंद झालं की मिटते. झडप उघडलेली दिसली नाही तर मशीन तिथल्या तिथे बंद. कुंभारीण माशी अशा झडपेला मातीचं घर बांधते, चिमण्याही काड्या आणतात, म्हणून पावसाळ्याआधी एकदा वर बघावंच लागतं.

गाळणी प्रत्येक वेळी हाताने पुसायची. दर वेळी म्हणजे दर वेळी, रोजा असो की परीक्षा. महिन्यातून एकदा तिच्यावर थोडं पाणी ओतून बघा. पाणी वरच थांबलं तर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा थर बसला आहे, साबण आणि जुन्या टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळवूनच परत लावा. पाइप आम्ही दर तीन महिन्यांनी काढतो, कारण आमचं मशीन रोज चालतं. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्याला वर्षातून एकदा पुरेल. प्लग आधी काढा.

आजाऱ्याच्या घरी एक गोष्ट विशेष. आपण मालिश करतो, तेल चादरीला लागतं. तेलकट कापड नुसतं साध्या धुण्याने साफ होत नाही. ड्रायरच्या उष्णतेनंतर गरम घडी करून ठेवलं तर आतलं तेल स्वतःहून तापत जातं आणि काही वेळा पेटतं. म्हणून अशा चादरी मी गरम पाण्यात जास्त साबण घालून दोनदा धुते, शेवटची थंड हवेची फेरी पूर्ण होऊ देते आणि गरम ढीग कधी रचत नाही. तेलाचा वास राहिलाच तर ती चादर दोरीवर, ड्रायरमध्ये नाही. आणि घर झोपलेलं असताना मशीन चालवत नाही.

एवढ्या खटाटोपापेक्षा दोरी बरी, असं कोणी म्हणेल. ऊन असेल तेव्हा मीही दोरीच वापरते. चादरीला उन्हाचा जो वास येतो तो कुठल्याही मशीनने येत नाही.

झडप बघायचं काम आता यांनी घेतलं आहे. महिन्याच्या पहिल्या जुम्याला शिडी लावतात. मागच्या वेळी खाली उतरून मुठीत धरलेला तंतूंचा गोळा बडी अम्मांना दाखवला. त्यांनी तो बोटांत चुरडून पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या हिरव्या चादरीचा आहे."