कर्ज मिटलं, शेरा राहिला



कळंबच्या बायकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. गटकर्ज बाईच्या नावावर, पैसा घराच्या गरजेला. पण हप्ते थकले की वसुलीवाल्याचं बोलणं खायचं ते तिनंच. मग तो म्हणतो, "निम्मे भरा, सेटल करू." ती दागिना मोडून भरते. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत गेली की कळतं, सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा आहे. म्हणजे पूर्ण फेड नव्हे, तडजोड.

म्हणून पैसे देण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनच रक्कम लेखी घ्या. एजंटच्या हाती बिनपावतीची रोकड देऊ नका. थकबाकी नसल्याचा दाखला मागा. पुढे जमलं तर उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' अशी नोंद करून घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीनं वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चुकीच्या नोंदीची तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर एप्रिल 2024 पासून दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि अपमान? रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी, संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. धमक्या, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, सारंच निषिद्ध. आधी संस्थेकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

थकलेला हप्ता हा गुन्हा नव्हे. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला अहवाल आणावा. लाज न बाळगता एकत्र वाचू.