खड्डा आहे, गांडूळ कुठे आहे?

दुपारी बाराच्या सुमारास मंडईत गेलात तर भाजीइतकाच पाला दिसतो. फ्लॉवरच्या गड्ड्याभोवतीची पाने, कणसांची साले, मटाराची टरफले, कोथिंबिरीच्या जुड्यांतून निवडून टाकलेली पिवळी पाने, दबलेले टोमॅटो. हे पाहून कुणीतरी सुशिक्षित माणूस हमखास म्हणतो, ‘याचे गांडूळखत करा की!’ सल्ला वाईट नाही. पण देणाऱ्याच्या मनात गांडूळ म्हणजे एक मिक्सर असतो. वरून पाला टाका, खालून खत काढा. या समजुतीने पुण्यात जितकी गांडुळे मेली असतील, तितकी धरणाकाठी गळ टाकून बसणाऱ्यांनीही मारली नसतील.

गांडूळ हा जिवंत प्राणी आहे, एवढी साधी गोष्ट आधी मान्य करायला हवी. त्याला फुफ्फुसे नाहीत. ओलसर कातडीतून ते श्वास घेते. कातडी सुकली की गुदमरते आणि पाण्याने थबथबलेल्या, हवा न खेळणाऱ्या ढिगातही गुदमरते. त्याला दातही नाहीत. कोंबडीच्या पोटात असते तशी एक पेषणी असते, तिच्यात मातीच्या कणांबरोबर अन्न भरडले जाते. त्यामुळे फ्लॉवरच्या ताज्या करकरीत पानाचे गांडूळ काही करू शकत नाही. पाला कुजवण्याचे पहिले काम करतात जिवाणू आणि बुरशी. तो मऊ झाला की गांडूळ त्या जिवाणूंसकट गिळते, आणि मागे जी विष्ठा टाकते तिला आपण गांडूळखत म्हणतो.

आता मंडईतला ताजा पाला थेट गांडुळांच्या खड्ड्यात ओतला तर काय होईल? ढीग मोठा असेल तर जिवाणूंच्या कामाने तो आतून तापतो. ५५-६० अंशांपर्यंत सहज जातो. गांडुळांना मानवते साधारण १५ ते ३० अंश. जी पळू शकतात ती कडेला येतात, बाकीची शिजतात. शिवाय पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे शंभर किलो पाल्यात सुका ऐवज दहा किलोच, उरलेले पाणी ढिगात झिरपते, हवेच्या जागा बुजवते आणि मग तो ओळखीचा कुजका वास सुटतो. वास आला की शेजारी तक्रार करतात आणि प्रकल्प बंद पडतो. दोष मात्र गांडुळांना लागतो.

यावर उपाय जुना आणि फुकटचा आहे. ओल्या पाल्याच्या एका टोपलीला सुक्या पानांच्या दोन-तीन टोपल्या, थोडे शेण, ढीग अधूनमधून वरखाली करायचा. दोन-तीन आठवड्यांत तो तापून थंड होतो, त्यानंतर गांडुळांचे काम सुरू. ओल इतकी हवी की मूठ दाबल्यावर एखाददुसरा थेंब पडावा, धार लागू नये. ओल्या भाजीत नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी, सुक्या पानांत नेमके उलटे. दोघांचे लग्न लावल्याशिवाय चांगले खत होत नाही.

आणि इथेच पुण्याचा वेडेपणा दिसतो. माघ-फाल्गुनात या शहरातल्या रस्तोरस्ती पाने पडतात, ती झाडून ढीग करतात आणि काडी लावतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला पाच हजार, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. तरी सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तो धूर परिचयाचा आहे. पानांच्या धुरातले बारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि दम्याच्या रुग्णाला त्याच दिवशी त्रास देतात. म्हणजे एका पेठेत पाला सडून वास मारतो, कारण सुकी पाने नाहीत, आणि दुसऱ्या भागात तीच सुकी पाने जळून लोकांना खोकला होतो. पुण्यातल्याच ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने २०१६ पासून पाने असलेला आणि पाने हवी असलेला अशा दोघांची गाठ घालून दिली आहे. हे काम उत्साही नागरिकांनी करावे आणि महापालिकेने कौतुक करावे, हे मला पुरेसे वाटत नाही.

मंडईचा उल्लेख सहज केलेला नाही. ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली तेव्हा तिचे नाव होते रे मार्केट, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर भरत असे. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून. आज इमारतीला नाव त्यांचेच आहे. याच फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मातीबद्दल फार नेमके निरीक्षण आहे. डोंगरावरची पाने-फुले, मेलेले कीटक आणि जनावरे कुजून तयार झालेले सत्त्व पावसाबरोबर शेतात यावे आणि ओढ्यात वाहून वाया जाऊ नये, यासाठी ताली आणि बंधारे घाला, असे त्यांचे सांगणे होते. दोनच वर्षे आधी, १८८१ मध्ये, चार्ल्स डार्विन यांचे अखेरचे पुस्तक आले, तेही गांडुळांवर. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्यांनी मांडला होता. फुले आणि डार्विन एकमेकांना ओळखत नव्हते. पण कुजलेली वस्तू मातीत परत गेली पाहिजे, ही गोष्ट दोघांनाही दिसली होती.

आपल्याला मात्र ती दिसते ती कर भरताना. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प केला तर पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केले तर दहा टक्के सवलत देते. हेतू चांगला. परिणाम असा की बिल्डरने पार्किंगच्या कोपऱ्यात विटांचे दोन हौद बांधून दिले, त्यांवर पाटी लागली, फोटो निघाला, सवलत मंजूर झाली. पुढे त्या हौदात जुन्या फरशा, मोडकी सायकल आणि कुंड्या. असा हौद पाहायला लांब जावे लागत नाही, आपल्याच सोसायटीत मागच्या बाजूला जाऊन या. आपण विटांना सवलत दिली, खताला नाही. फुल्यांचा आक्षेप एका इमारतीच्या खर्चाला होता. त्यांनी हे हौद पाहिले असते तर काय म्हटले असते याची कल्पना करवत नाही.

हौदातून खत निघत नसेल तर पाला कुठे जातो? अनेक वर्षे उत्तर एकच होते : उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या ग्रामस्थांनी वास, माश्या आणि नासलेल्या विहिरींविरुद्ध पुन:पुन्हा रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपणारे काळे पाणी तयार होते ते मुख्यत: या ओल्या पाल्यामुळे. मंडईत स्वस्तात घेतलेल्या फ्लॉवरची किंमत कुणीतरी आपल्या विहिरीतून भरत होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. पण जिरवायचा कुणी?

खरा प्रश्न हाच आहे. गांडुळांना रोज पाहणारा माणूस लागतो. ओल बघणारा, गोणपाट भिजवणारा, मुंग्या आणि उंदीर हाकलणारा, उन्हाळ्यात सावली करणारा. सोसायट्या हे काम झाडूवाल्या मावशींच्या नाहीतर वॉचमनच्या गळ्यात घालतात, वेगळा पैसा न देता आणि काही न शिकवता. मग हौद मेला तर नवल काय? कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून शहरात काम करते आणि सोसायट्यांत खत करून देण्याची सेवाही देते. हे कौशल्याचे काम आहे. त्याला प्लंबरला देतो तसा मोबदला द्यायला आपला हात का आखडतो, ते मला कळत नाही.

गांडुळांच्या बाजूनेही फार फुगवून बोलले जाते. गांडूळखतात नायट्रोजन साधारण दीड-दोन टक्के, युरियात ४६. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतका नायट्रोजन हवा असेल तर टनभर तरी गांडूळखत लागेल. त्याचे मोल वेगळे आहे : माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, जिवाणू वाढतात. दुसरे, हौदात चालतात ती लालसर गांडुळे पृष्ठभागावरच्या कुजक्या थरात राहणारी. विकत आणून उघड्या शेतात सोडली तर बहुतेक टिकत नाहीत. शेतात हवी खोल बिळे करणारी स्थानिक गांडुळे, आणि ती आणावी लागत नाहीत. जमिनीवर पालापाचोळा राहू दिला, नांगरट कमी केली की येतात. पुण्याच्याच उदय भवाळकर यांनी खोल बिळे करणाऱ्या गांडुळांचा आग्रह बरीच वर्षे धरला आहे, तो मला पटतो.

घरी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. गांडुळांचा हौद तापत नाही, म्हणून रोगजंतू मरतीलच याची खात्री नसते. कुत्र्या-मांजराची विष्ठा, डायपर, मांसमच्छी त्यात टाकू नका. लिंबाची साले, तिखट, खारट, तेलकट उरलेसुरले अन्नही नको. खत हाताळताना हातमोजे घाला, कारण धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, आणि हाताला जखम असेल तर थांबा. सुके खत चाळताना दम्याच्या माणसाने मास्क लावावा. हौदाखाली जमणारे पाणी कुंडीला घाला, कच्च्या खायच्या पाल्यावर शिंपडू नका.

महापालिकेकडे माझी मागणी छोटी आहे. सवलत हौदाला देऊ नका, दर तिमाहीला वजन करून दाखवलेल्या खताला द्या, आणि त्यातला ठरावीक हिस्सा हौद सांभाळणाऱ्याच्या पगारात गेल्याची पावती मागा. मंडईच्या गाळ्यांसाठी जवळच्या उद्यानांतली सुकी पाने फेब्रुवारीपासून पोत्यांत भरून ठेवा. ती पोती पावसाळ्याआधी छपराखाली गेली तर पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील.